मेळघाट : व्याघ्र प्रकल्पातील कोरकू गाव

मेळघाट : महाराष्ट्राच्या सातपुड्यातील गाविलगड रांगेत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेला वनप्रदेश. अनेक घाट जिथे एकमेकांना मिळतात तो मुलूख, असा नावाचा अर्थ सांगितला जातो. अमरावती जिल्ह्याचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे रूढ अर्थाने मेळघाट. त्याचे जंगल पुढे अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत उतरते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता आणि १९७४ मध्ये तो रीतसर जाहीर झाला. आज या प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौ. किमी. आहे, त्यांपैकी सुमारे १,५०० चौ. किमी. गाभा क्षेत्र आणि उरलेले बफर क्षेत्र. गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान येते आणि नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्येही याच प्रकल्पाचा भाग आहेत. दोन्ही तालुक्यांत मिळून तीनशेहून अधिक गावे असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे तीन लाख लोक राहत होते. प्रस्तुत नोंदीचा विषय या गावांपैकी जी गाभ्यात किंवा त्याच्या काठावर आहेत, त्यांचे जगणे आणि त्यांचे भवितव्य हा आहे. या गावांना ‘दुर्गम’ म्हणण्याचा प्रघात आहे. डोंगर, नाले आणि दाट जंगल हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. गाव येथे राहणार की येथून जाणार, हा निर्णय दशकानुदशके लांबणीवर पडत गेला आणि त्या लांबणीनेच दुर्गमपण पक्के केले, असे येथील इतिहास व सद्यःस्थिती पाहता म्हणावे लागते.

भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. डोंगरमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो, पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्याने तो थांबत नाही. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या उत्तर उतारावरून वाहत तापीला मिळतात; वान, शहानूर, चंद्रभागा या दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. उन्हाळ्यात या नद्यांचे प्रवाह तुटतात आणि खडकातल्या डोहांतच पाणी उरते. त्याच डोहांवर सांबर, गवा, अस्वल, रानकुत्रा, बिबट्या आणि वाघ येतात. तेथेच गावाची गुरे येतात. आणि गावची विहीर आटली की बायकांचे हंडेही तेथेच जातात. जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग सर्वांत जास्त. त्याच्या जोडीला ऐन, तिवस, धावडा, हळदू, मोह, तेंदू, सालई आणि बांबू. सिपना या नदीच्या नावाचा कोरकूतला अर्थच साग असा आहे. विदर्भाच्या सपाट मुलखातील अचलपूर, अकोट, तेल्हारा या भागांना मिळणारे बरेचसे पाणी या डोंगरांतून येते. म्हणून मेळघाटचे जंगल टिकणे ही केवळ वाघाची गरज नाही. खाली संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेती करणाऱ्या शेतकऱ्याचा स्वार्थही त्यात आहे. संरक्षणाची आवश्यकता येथे वादाचा विषय नाही. त्या संरक्षणाचा भार कोणी किती उचलला, हा वादाचा विषय आहे.

येथील बहुसंख्य रहिवासी कोरकू आहेत. त्यांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली, म्हणजे झारखंड-ओडिशातील संथाळी आणि मुंडारी या भाषांची नातलग. या शाखेच्या भाषांत ती सर्वांत पश्चिमेकडची आहे. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. त्यांच्याबरोबर गवळी, गोंड, निहाल, बलाई या समाजांचीही वस्ती आहे. कोरकू गाव लांबूनही ओळखू येते. मधोमध रुंद, झाडलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंडे केलेल्या घरांच्या सरळ रांगा. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. गावाचा देव मुठवा, गावाचा पुजारी आणि वैद्य भूमका. मृतांच्या स्मरणासाठी सागाचा कोरीव खांब, म्हणजे मुंडा, उभारण्याची सिडोली नावाची विधिपरंपरा आहे. ज्या समाजाचे पूर्वज लाकडाच्या रूपाने त्याच मातीत उभे असतात, त्याला गाव हलवणे म्हणजे केवळ घर बदलणे वाटत नाही. पुनर्वसनाच्या हिशेबात घर, शेत आणि विहीर मोजता येते. मुंडा मोजता येत नाही. तरीही तो हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

गावाचे वर्ष शेती, जंगल आणि स्थलांतर या तीन पायांवर उभे आहे. पावसाळ्यात उतारावरच्या शेतांत कोदो, कुटकी, सावा, ज्वारी, मका, तूर आणि अलीकडे सोयाबीन पेरले जाते. सिंचन नगण्य असल्याने दुसरे पीक क्वचितच निघते. दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे घराला कडी लावून खाली उतरतात. परतवाडा, अमरावती, अकोला या भागांतील बागा, हरभऱ्याची सोंगणी, वीटभट्ट्या आणि बांधकामे हे त्यांचे ठिकाण. होळीला सगळे परततात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीची खुशाली, मागणारी मुले आणि ढोल-बासरीच्या तालावरचे नाच यांनी मेळघाट काही दिवस भरून जातो. त्यानंतर मोहाची फुले, मग तेंदूची पाने, मग पुन्हा पेरणी. जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत कठीण असतो. मागचे धान्य संपलेले, नवे शेतात उभे, मजुरी बंद आणि नाल्यांना पूर. राज्य शासनाने १९७८ पासून दिलेले खावटी कर्ज आणि १९९५ ची नवसंजीवनी योजना ही याच चार महिन्यांची दखल आहे. पावसाळ्यापूर्वीच धान्य आणि औषधे दुर्गम गावांत पोहोचवून ठेवणे, हा नवसंजीवनीचा एक मुख्य भाग. गावाची अडचण शासनाला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही, याचा हा पुरावाच आहे.

ही गावे जंगलात आली कशी, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या हक्काचा विचार पुरा होत नाही. कोरकूंची वस्ती या डोंगरांत जुनी आहे. पण आज दिसणारी अनेक गावे त्यांच्या सध्याच्या जागी शासनाच्या गरजेतून स्थिरावली. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचे सागवान राखीव झाले. फिरती शेती आवळली गेली. पण लाकूड तोडायला, ओढायला, वणवा विझवायला आणि रस्ते राखायला माणसे हवी होती. म्हणून वनखात्याने वनग्रामे वसवली. कसायला जमिनीचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात जंगलातली मजुरी घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. स्वातंत्र्यानंतरही लाकूडकटाईची कामे या मजुरांवरच चालली. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य जाहीर झाले, पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले आणि कटाई टप्प्याटप्प्याने थांबली. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मेलेली, वाळलेली झाडे आणि गवतसुद्धा काढण्यास मनाई केली. त्यानंतर अभयारण्यांतील वनोपजाच्या विक्रीचा मार्गही आक्रसला. २००७ मध्ये गाभा क्षेत्र संकटग्रस्त व्याघ्र अधिवास म्हणून अधिसूचित झाले. या प्रत्येक निर्णयामागे जंगलाच्या दृष्टीने सबळ कारण होते. पण त्यांची बेरीज गावाच्या अंगणात अशी झाली की, ज्या कामासाठी गाव वसवले ते काम संपले, ज्या वस्तूंवर उन्हाळा निघे त्या विकता येईनात आणि गाव मात्र तेथेच राहिले. त्याला अतिक्रमण म्हणणे इतिहासाला सोडून होईल.

येथपासून ‘तात्पुरत्या’ गावाची गोष्ट सुरू होते. गाव आज ना उद्या उठणार, असे एकदा कागदावर आले की त्या गावासाठी पक्का रस्ता, वीजवाहिनी, नळयोजना किंवा शाळेची इमारत मंजूर करण्यास कोणतेही खाते उत्सुक नसते. उठणाऱ्या गावावर खर्च कशाला, हा प्रश्न लेखापरीक्षणात बिनतोड ठरतो. दुसरीकडे गाव उठवण्यासाठी लागणारा निधी, जमीन आणि ग्रामसभेची संमती या गोष्टी एकत्र जुळायला कितीही वर्षे लागू शकतात. या मधल्या काळात एक पिढी शाळेत जाते, लग्न करते आणि मजुरीला लागते. कायद्याने या कोंडीवर उपाय ठेवलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, पाणीपुरवठा, रस्ते अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळवता येते; अट एवढीच की दर हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तुटू नयेत. पण अभयारण्यात वन्यजीव कायद्याखालील परवानग्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि तेथे ‘प्रस्तावित पुनर्वसन’ हे दोन शब्द पुरतात. अलीकडे या दुर्गमपणाला नवे परिमाण आले आहे. रेशन अंगठ्याच्या ठशावर मिळते, रोजगार हमीच्या मजुराची हजेरी मोबाइलवरून लागते, अनुदान आधारजोडणीच्या खात्यात पडते. ज्या गावात मोबाइलला रेंज नाही, तेथे पूर्वी जो हक्क सरळ हाती पडे तो आता टेकडी चढून शोधावा लागतो. राज्य जितके डिजिटल होत जाते, तितके हे गाव राज्यापासून लांब सरकते.

याची सर्वांत जड किंमत लहान मुलांनी मोजली आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यू राज्यभर चर्चेत आले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या आणि न्यायालयाने वेळोवेळी शासनाला जाब विचारला. ‘मेळघाट’ हा शब्द महाराष्ट्रात कुपोषणाचा पर्याय बनला, हे या सुंदर प्रदेशाचे दुर्दैव. मृत्यूची कारणे एकेकटी नवी नाहीत : कमी वजनाचे जन्म, लहान वयातील आणि एकापाठोपाठची बाळंतपणे, न्यूमोनिया, अतिसार, आणि वेळेवर न पोहोचलेले उपचार. तापलेल्या सळईने बाळाच्या पोटावर डाग देण्याच्या डंभा या प्रथेचा उल्लेख नेहमी होतो. ती घातक आहे आणि थांबलीच पाहिजे. पण आजारी बाळाला रात्री नाला ओलांडून न्यायची सोय नसते तेव्हा घरी उरतो तो भूमकाच, हेही तितकेच खरे. अंधश्रद्धा आणि अंतर यांचा परस्परसंबंध येथे स्पष्ट दिसतो. बैरागड येथे दशकानुदशके वैद्यकीय सेवा देणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि इतर डॉक्टरांच्या कामातून एक गोष्ट सिद्ध झाली : दवाखाना जवळ असेल, डॉक्टर टिकून राहणारा असेल आणि त्याला कोरकू समजत असेल, तर लोक येतात. २०१५ पासून आदिवासी भागांत सुरू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि मुलांना अंडी दिली जातात. ही योजना चांगली आहे. पण आई वीटभट्टीवर गेलेली असते तेव्हा अंगणवाडीतले ताट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्थलांतर थांबल्याशिवाय पोषणाचा हिशेब जुळत नाही आणि गावाजवळ काम असल्याशिवाय स्थलांतर थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, दोष निर्णयाचा नसून डोंगराचाच आहे. विरळ वस्ती, तुटक पाडे आणि पुराचे नाले असताना सोयी पुरवणे कोणालाही अवघड. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तर मेळघाटातच उभे आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर, याच रांगेच्या माथ्यावर आणि अतिपावसाच्या पट्ट्यात आहे. १८२३ मध्ये हैदराबाद तैनाती फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनला ही जागा आवडली, इंग्रजांनी तेथे आरोग्यस्थान केले आणि घाटरस्ता झाला. आज तेथे तालुक्याचे ठिकाण, कॉफीच्या बागा आणि पर्यटकांची वर्दळ आहे. पुढच्या काळात अकोला-खांडवा मीटरगेज लोहमार्गही याच जंगलातून, धूळघाटचे वळण घेत नेला गेला. अलीकडे त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न आला तेव्हा मार्ग जंगलातूनच न्यावा की वळसा घालून बाहेरून, यावर वाद झाला. वन्यजीवांसाठी वळसा मागणाऱ्यांची बाजू रास्त होती. परतवाडा-धारणी रस्त्यावरचे हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून नावाजले गेले, तेही त्याच डोंगरात आहे. म्हणजे हवापालट, रेल्वे किंवा प्रात्यक्षिक यांसाठी हवे तेव्हा डोंगर आड आला नाही. तो आड येतो तो प्रामुख्याने गाभ्यातल्या गावाच्या वेळी. भूगोल सर्वांना सारखाच आहे. त्याच्याशी झुंजण्याची तयारी सर्वांसाठी सारखी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो वाघाच्या बाजूने येतो. वाघिणीला पिल्ले वाढवण्यासाठी माणूस, गुरे आणि कुत्री यांचा वावर नसलेला प्रदेश लागतो. मेळघाटात ताडोबासारखी भक्ष्याची दाटी नाही. येथील चढउतार चितळाला फारसे मानवत नाहीत. गावे उठल्यावर जुन्या शेतांवर गवताळ कुरणे तयार झाली आणि तेथे सांबर, गवे येऊ लागले, हे बोरी, कोहा, कुंड, वैराट अशा रिकाम्या झालेल्या गावांच्या जागी दिसले आहे. सागाच्या सलग जंगलात अशी कुरणे मोलाची आहेत. हा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्यातून ‘सर्व गावे उठवावीत’ असा सरसकट निष्कर्ष निघत नाही. जंगलातील प्रत्येक जीवाची गरज एक नसते. शंभरहून अधिक वर्षे नाहीसा झाल्याचे समजले गेलेले रानपिंगळा हे घुबड १९९७ मध्ये नंदुरबार भागात पुन्हा दिसले आणि नंतर मेळघाटातही आढळले. ते विरळ, मोकळ्या सागवनात राहणारे पाखरू आहे. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांत २०११ मध्ये सोलिग आदिवासींचे सामूहिक वनहक्क व्याघ्र प्रकल्पातच मान्य झाले. त्या हक्कांमुळे वाघ वाढले असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मात्र २०१४ च्या गणनेत तेथील वाघ २०१० पेक्षा अधिक होते. हक्क दिले की वाघ संपतात, हे भाकीत तेथे खरे ठरले नाही. वनहक्क कायदाही गावे सरसकट उठवायला सांगत नाही : हक्कांची नोंद आधी पुरी करावी, गावाच्या वावराने भरून न येणारी हानी होते हे दाखवावे, सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही याची खात्री करावी, ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती घ्यावी आणि नव्या जागी सोयी पूर्ण झाल्यावरच गाव हलवावे. प्रश्न गावागणिक तपासावा, अशीच ही रचना आहे.

तिसरा आक्षेप असा की, लोकांनाच जायचे आहे. अनेक गावांबाबत तो खरा आहे. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची तरतूद झाली आणि २०२१ मध्ये ही रक्कम पंधरा लाख झाली. अठरा वर्षांवरील मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जातो. रस्ता, शाळा आणि दवाखाना यांच्या जवळ जावे, ही इच्छा तरुण पिढीत स्वाभाविक आहे आणि तिला कोणी परंपरेच्या नावाखाली अडवू नये. आजवर मेळघाटातून डझनाहून अधिक गावे बाहेर पडली. काही कुटुंबांनी नव्या ठिकाणी चांगला जम बसवला. पण जानेवारी २०१९ मध्ये अकोट भागात वसवलेली काही गावे पुन्हा आपल्या जुन्या जागी परतली, वन कर्मचारी आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला आणि माणसे जखमी झाली. शेतजमीन, रोजगार आणि आरोग्यसेवा यांबाबतची आश्वासने पाळली गेली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. रोख रक्कम खर्च होऊन जाते. मोह, लाकूडफाटा, रानभाज्या आणि मासे यांनी जे घर चालत होते, ते खाली प्रत्येक वस्तू विकत घेऊन चालवावे लागते. यातून संमतीचा अर्थ कळतो. जेथे राहण्याचा पर्याय वीज, पाणी आणि दवाखाना नाकारून असह्य केलेला आहे, तेथे जाण्याला दिलेला होकार पुरता मुक्त नसतो. जाण्याचे स्वातंत्र्य खरे व्हायचे असेल, तर राहणेही माणसासारखे असले पाहिजे.

भवितव्याचा विचार करताना दोन्ही वाटा उघड्या ठेवणे शक्य आहे, याची उदाहरणे जवळच आहेत. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या कोरकू गावाला २०१२ मध्ये उजाड झालेल्या वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाले. गावाने चराई आणि तोड आवरली, रोजगार हमीतून जल-मृद्‌संधारण आणि वृक्षलागवड केली, सीताफळ ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने शहरांत विकले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पायविहीर गाभ्यात नाही. वन्यजीव कायदा अभयारण्यातील वनोपज घरगुती गरजेपुरताच वापरू देतो, म्हणून हाच नमुना आत तसाच्या तसा उतरणार नाही. आतल्या गावाचे अर्थकारण वेगळे आखावे लागेल. जाळरेषा, वणवा नियंत्रण, कुरणांची निगा, पाणवठे आणि गस्त ही कामे वर्षभर चालतात. ती गावाकडे हक्काने, वेळेवर मिळणाऱ्या मजुरीसह सोपवली, तर दिवाळीनंतरची कडी दाराला लागणार नाही. कोदो-कुटकी शहरात आज महाग विकली जाते. तिच्या साफसफाईची छोटी यंत्रे गावात आली तर बाईच्या उखळावरचे तास वाचतील आणि भावही गावात राहील. गुरे घटवून चांगली दुभती जनावरे गोठ्यात राखणे, हे गवळ्यांच्या आणि जंगलाच्या दोघांच्याही सोयीचे. पहिलीच्या वर्गात कोरकू बोलणारा शिक्षक असेल, तर मूल मराठीतही लवकर पुढे जाईल. आज कोरकूतच विचार करणाऱ्या मुलापुढे पहिल्या दिवसापासून परकी वाक्ये येतात. यांतली एकही गोष्ट वाघाच्या विरोधात जात नाही.

हा प्रश्न मेळघाटापुरता नाही. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पाठवलेल्या पत्रात देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे शिल्लक असल्याचे नमूद करून पुनर्वसनाचे वेळापत्रक मागितले. वेळापत्रक हवेच आहे. पण ते केवळ जाण्याचे असू नये. त्याआधी २०१७ मध्ये याच प्राधिकरणाने गाभा क्षेत्रात वनहक्क देणे थांबवले आणि वर्षभरात तो आदेश मागे घेतला. त्या एका वर्षात किती दावे पडून राहिले असतील, याची कल्पना करता येते. प्रत्येक गावाच्या वनहक्कांची नोंद कोणत्या तारखेपर्यंत पुरी होईल, ग्रामसभा आपला निर्णय कधी देईल, जाणाऱ्या गावाची नवी शाळा आणि शेत कधी तयार असेल, राहणाऱ्या गावाची वीज आणि पाणी कधी येईल, अशा चार तारखा फलकावर लिहिता आल्या पाहिजेत. आणि निर्णय होईपर्यंतच्या काळात, गाव जाणार असो वा राहणार, त्याच्या गरोदर बाईला, रेशनला आणि शाळेला त्या निर्णयाची वाट पाहायला लावू नये. कारण कुरण दोन पावसाळे उशिरा झाले तरी गवत उगवते, मुलाची पहिली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे धान्य गावात पोहोचवून ठेवण्याची पद्धत मेळघाटात १९९५ पासून आहे. जे शासन नाल्याला पूर येण्याची तारीख ओळखून आधी धान्य पाठवू शकते, त्याला या गावांच्या भवितव्याचीही तारीख ठरवता येईल.